पगारी रजा आणि भारताची खेप

विमानाच्या तिकिटांचे दर जरा उतरले की आपल्या मेडनहेडमधल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. आई-वडिलांकडे जायला सलग चार आठवडे काढायचे कुठून? दोन आठवडे तर सासर, माहेर आणि बँकेच्या खेपांतच संपतात. मग आपण तिकडच्या सवयीने रजा साठवू लागतो. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने न घेतलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढे नेता येत असे, आणि अनेक कचेऱ्यांत शिल्लक रजेचे पैसेही मिळत. इकडे ही सवय महागात पडते. नोकरी चालू असताना कायद्याच्या रजेऐवजी पैसे घेता येत नाहीत, आणि रजेचे वर्ष संपले की उरलेली रजा बहुधा बुडते.

आधी हक्क किती ते पाहू. १ ऑक्टोबर १९९८ पूर्वी या देशात सर्वांना लागू असा पगारी रजेचा कायदा नव्हता. त्या दिवशी तीन आठवडे मिळाले, १९९९ मध्ये चार झाले. पहिल्या १३ आठवड्यांच्या नोकरीत मात्र काहीच मिळत नसे. ती अट युरोपीय न्यायालयाने २००१ मध्ये बेकायदा ठरवली. एप्रिल २००९ पासून हक्क ५.६ आठवड्यांचा आहे. आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्याला २८ दिवस, तीन दिवस काम करणाऱ्याला १६.८.

पण या २८ मध्ये आठ बँक हॉलिडे धरण्याची मालकाला मुभा आहे. तेव्हा करारपत्रात '२८ दिवस' लिहिले आहे की '२० अधिक बँक हॉलिडे', यात फरक काहीच नाही. '२८ अधिक बँक हॉलिडे' असेल तर मात्र मालक उदार आहे! दिवाळी-गणपतीची रजा याच शिलकीतून जाते, हे आपल्याला नेहमीच जरा टोचते.

एजन्सीतर्फे हीथ्रोवर पाळी करणारे, केअर होममध्ये अनियमित तास भरणारे, यांनाही हा हक्क आहे. 'झीरो अवर्स'वाल्यांना रजा नसते, असे कोणी सांगितले तर ऐकू नये. १ एप्रिल २०२४ नंतर सुरू झालेल्या रजा-वर्षांपासून अशा लोकांची रजा कामाच्या तासांच्या १२.०७ टक्के धरतात, म्हणजे शंभर तासांमागे बारा तासांहून थोडी जास्त. काही मालक ती रक्कम दर पगारात घालून देतात. ते चालते, पण पगारपत्रकावर ती वेगळी दाखवलीच पाहिजे.

आता चार आठवड्यांचा प्रश्न. आमच्या मते सर्वांत सोपा मार्ग रजेचे वर्ष कधी बदलते ते पाहण्याचा. जानेवारी ते डिसेंबर असेल तर डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे जुन्या वर्षातून आणि जानेवारीचे पहिले दोन नव्या वर्षातून मागावे. काही पुढे न नेताच महिना जुळतो. एप्रिल ते मार्च असेल तर हीच युक्ती गुढीपाडव्याच्या सुमारास चालते, फक्त मुलांची शाळा आडवी येते. करारात सोय असेल तर २८ पैकी आठ दिवसांपर्यंत पुढे नेता येतात. ते तोंडी नको, लिहून घ्यावे.

करारात वेगळे नसेल तर जितकी रजा हवी त्याच्या दुप्पट मुदतीची नोटीस द्यावी लागते: चार आठवड्यांसाठी आठ. मालक नाही म्हणू शकतो, पण त्यालाही रजेइतक्याच मुदतीआधी ते कळवावे लागते. म्हणून मंजुरी हातात येण्याआधी तिकीट काढू नये. स्वस्त तिकिटे बदलून मिळत नाहीत.

भारतात आजारी पडलात तर मालकाला लगेच कळवा आणि डॉक्टरांचा दाखला आणा. ते दिवस आजारपणाच्या रजेत धरून तुमची वार्षिक रजा परत मागता येते. आणि नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसे मिळालेच पाहिजेत. शेवटचे पगारपत्रक त्यासाठी नीट तपासावे. ते नाकारले तर वेळ न घालवता एकॅस किंवा सिटिझन्स अॅडव्हाइसकडे जावे. दोन्हीकडे सल्ल्याला पैसे पडत नाहीत, आणि दाव्याची मुदत मोजकीच असते.