केसपेपरवरील 'पेन' आणि रुग्णाच्या तोंडचा शब्द

भातलावणीच्या दिवसांत मावळातील चिकित्सालयांत एक तक्रार वारंवार कानी पडते : "पोटऱ्या दुखतात." केसपेपरवर आपण 'लेग पेन' असे लिहून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र या दुखण्यास निदान तीन शब्द आहेत व ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

'एक्' (उच्चार आपल्या संख्येचा, अर्थ निराळा) म्हणजे मंद, सतत रेंगाळणारे दुखणे. दिवसभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या स्त्रीस संध्याकाळी जाणवते ते हे. ती "पाय भरून आलेत" म्हणते, आम्ही ते अंगमर्दाच्या जवळचे मानतो. 'क्रॅम्प' म्हणजे स्नायू एकाएकी आखडून येणारा पेटका. चरकांनी ८० वातविकारांत गणलेले पिंडिकोद्वेष्टन ते हेच. 'टेंडरनेस' हे मात्र वैद्याच्या हातास मिळणारे लक्षण आहे : दाबले असता दुखणे, म्हणजेच स्पर्शासहत्व. इंग्रजी बोलणारा रुग्ण अशा दुखऱ्या अंगास बहुधा 'सोअर' म्हणतो. लोणावळ्यास १९२४ पासून असलेल्या कैवल्यधामात परदेशी साधक येतात, लोहगड-राजमाचीहून उतरलेले पर्यटकही असतात. त्यांच्या 'सोअर'चा अर्थ 'फोड' असा करून मलम देणारेही आम्हांस ठाऊक आहेत!

मलमाने फारसे बिघडत नाही. पोटऱ्यांच्या बाबतीत मात्र बिघडते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या शेतातील पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. त्यात ताप, डोळ्यांची लाली आणि पोटरी दाबताच रुग्णाचे कळवळणे ही लक्षणे आढळतात. पुढे वृक्क व यकृत यांवर आघात होऊ शकतो. येथे श्रमाचा 'एक्' समजून तैलाभ्यंग सुचविणे म्हणजे मोलाचे दिवस दवडणे होय. ताप असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याची पोटरी दाबून पाहावी व शंका येताच रक्ततपासणीसह मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावे. चिठ्ठीत केवळ 'पेन' न लिहिता 'काफ टेंडरनेस' असे स्पष्ट लिहावे.

औषध दुकानदार बंधूंचा संबंध येथे अधिकच जवळचा. "पोटऱ्या दुखतात, गोळी द्या" असे म्हणणाऱ्यास डायक्लोफिनॅक देण्यापूर्वी ताप आहे काय, पाण्यात काम केले काय, लघवी कमी झाली काय, एवढे विचारावे. आधीच संकटात असलेल्या वृक्कांवर वेदनाशामकाचा भार पडतो.

वेदनेच्या शब्दांवरून भेद करण्याचा प्रयत्न आधुनिकांनीही केला. १९७५ साली मेल्झॅक यांनी ७८ शब्दांची मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली. सुश्रुतांनी व्रणवेदनांचे तोदन, भेदन, ओष, चोष असे भेद दोषांनुसार सांगितलेच होते. आमच्या रुग्णांपाशीही ठणका, चमक, कळ, उसण, मुरडा असे शब्द आहेत. 'ठणका' शब्द ऐकताच पूय होत आहे काय हे पाहण्यास हात आपोआप पुढे होतो; 'पेन' वाचून तो होत नाही. म्हणून आम्ही केसपेपरवर रुग्णाचा शब्द देवनागरीत, अवतरणचिन्हांत, जसाच्या तसा लिहितो आणि इंग्रजी शब्द त्याच्या खाली, तपासणी झाल्यावर.