गावकामाची प्रतवारी : बचत गटांच्या मूल्यमापनाची एक रीत

देशात सामुदायिक विकास कार्यक्रमाचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनी झाला. कामाची पाहणी तटस्थपणे व्हावी, या हेतूने त्याच वर्षी नियोजन मंडळाच्या अधीन स्वतंत्र मूल्यमापन संघटनाही स्थापन करण्यात आली. तथापि खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत जाणाऱ्या अहवालांत मान राहिला तो आकड्यांनाच : कंपोस्टचे खड्डे किती, सभा किती, वाटलेले बियाणे किती. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने कार्यक्रमाची तपासणी केली, तेव्हा लोकांचा स्वतःचा पुढाकार जागृत करण्यात तो कमी पडल्याचे तिने नोंदविले. खड्डा खणला गेला एवढे अहवालात दिसते. त्यात शेणकचरा पडला काय, खत शेतात गेले काय आणि पुढील वर्षी शेतकऱ्याने कोणी न सांगता दुसरा खड्डा खणला काय, हे त्यात दिसत नाही.

वास्तविक नुसत्या मोजणीपलीकडे जाणारी रीत शेतकऱ्यास नवी नाही. गुळाची ढेप बाजारात नुसती तोलली जात नाही. तिचा रंग, कण व गोडी पाहून प्रत ठरते. पिकाची आणेवारी व नंतरची पैसेवारी हीही प्रतवारीच होय. ५० पैशांहून कमी पैसेवारी आलेल्या गावास टंचाईच्या सवलती देण्याची वहिवाट दीर्घकाळ होती. नजरेच्या अंदाजावर सर्व भार पडू नये म्हणून ठरावीक आकाराच्या तुकड्यातील पीक कापून तोलण्याचा प्रयोगही केला जातो. श्रेणी, श्रेणीचे वर्णन आणि वर्णनाचा पुरावा या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र येतात. सामाजिक बदलाच्या कामांसाठी अशाच रीतीने जो तक्ता तयार करतात, त्यास ‘रुब्रिक’ अशी संज्ञा आहे. येथे त्यास श्रेणीतक्ता म्हणू.

याचे आपल्याकडील परिचित उदाहरण म्हणजे बचत गटांची श्रेणी. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. तारण नसलेल्या स्त्रियांच्या गटास कर्ज कशाच्या आधारे द्यावे, हा बँकेपुढील प्रश्न होता. त्यासाठी पुढे जी तपासणीसूची रूढ झाली, तिच्यात प्रत्येक बाबीस ‘अतिउत्तम’, ‘चांगले’ व ‘असमाधानकारक’ अशा तीन पायऱ्या आहेत. महिन्यात चार बैठका झाल्यास पहिली पायरी, दोन झाल्यास दुसरी, त्याहून कमी झाल्यास तिसरी. उपस्थिती व कर्जाची परतफेड ९० टक्क्यांहून अधिक असल्यास पहिली, ७० ते ९० टक्के असल्यास दुसरी. अंतर्गत कर्जवाटप, हिशेबाच्या वह्या आणि नियमांची माहिती यांचीही अशीच पारख होते.

ज्या बाबींना आकडा आहे तेथे काम सोपे आहे. अडचण येते ती ‘सभासदांचा सहभाग’ या बाबीपाशी. सहभाग जास्त, मध्यम वा कमी एवढेच लिहिल्यास तपासणाऱ्याची मर्जी हीच कसोटी ठरते. अशा ठिकाणी पायरीचे वर्णन डोळ्यांना दिसेल व कानांना ऐकू येईल अशा शब्दांत करावे. तळाच्या पायरीवर अध्यक्ष व सचिव दोघीच निर्णय घेतात आणि इतर स्त्रिया सही वा अंगठा करून निघून जातात. मधल्या पायरीवर चर्चा होते, परंतु कर्ज कोणास द्यावयाचे हे आधीच ठरलेले असते. वरच्या पायरीवर भूमिहीन घरातील सभासदही नकार देऊ शकते, आणि तिच्या नकाराची नोंद इतिवृत्तात आढळते. असे वर्णन टेबलाशी बसून सुचत नाही. ‘चांगला गट कशावरून ओळखाल?’ असा प्रश्न स्त्रियांनाच विचारल्यास वरच्या पायरीचे शब्द बहुधा त्यांच्याच तोंडून मिळतात. गट सोडून गेलेल्या स्त्रीस विचारल्यास तळाच्या पायरीचे!

तक्ता गावाच्या रहाटीशी जुळत नसेल तर तो अन्याय करतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांच्या वस्त्यांचे उदाहरण घ्यावे. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या पाच-सहा महिन्यांत गटाची उपस्थिती शून्यावर येते. स्थायिक गावासाठी रचलेला तक्ता अशा गटास ‘असमाधानकारक’ ठरवील, गटास कर्ज मिळणार नाही आणि पुढच्या हंगामात त्याच स्त्रिया पुन्हा मुकादमाच्या उचलीवर जातील. ज्यांना गटाची गरज सर्वांत अधिक, त्याच गाळल्या जातील. तेव्हा येथे कसोटीची भाषा बदलणे इष्ट. स्थलांतरापूर्वी बचतीची व्यवस्था ठरावाने केली काय, गावी राहिलेल्या सभासदांकडे वही व पासबुक सोपविले काय, परतल्यावर पहिल्या महिन्यात हिशेब वाचला गेला काय, असे प्रश्न त्या गटाची खरी ताकद दाखवितात. यास सवलत म्हणणे चुकीचे आहे. वही सांभाळून सहा महिन्यांनी पै-पैचा मेळ घालणे हे दर आठवड्यास जमण्याहून कठीण काम आहे.

परतफेडीच्या आकड्याबाबतही सावध राहावे. शंभर टक्के परतफेड झालेल्या गटात एखाद्या सभासदाने खासगी कंपनीचे वा सावकाराचे कर्ज काढून हप्ता भरलेला असू शकतो. वही स्वच्छ आणि घर कर्जात, अशी ती अवस्था. उलट पाऊस न झालेल्या वर्षी सर्वांनी बैठकीत बसून हप्ते पुढे ढकलले आणि तसा ठराव लिहिला, तर आकडा खाली येतो, पण गट मजबूत असतो. आकड्याशेजारी कारणासाठी एक रकाना राखल्यास हा भेद कागदावर उतरतो. तो रकाना नसलेले तक्ते पुष्कळ आढळतात.

सर्व बाबींची बेरीज करून एकच गुण काढण्याची घाईही टाळावी. उपस्थितीचे भरघोस गुण हिशेबातील गोंधळ झाकून टाकतात. हिशेब तळाच्या पायरीवर असेल तर इतर बाबी कितीही वर असल्या तरी गटास वरची श्रेणी देऊ नये, असा नियम आधीच करून ठेवणे बरे.

गुणांना बक्षीस जोडले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गुणांकनाच्या आधारे गावागावांत चुरस निर्माण केली. लोकांनी हाती खराटे घेतले, हे त्याचे मोठेच यश होय. परंतु तपासणी समिती येण्याच्या दिवशीचे गाव आणि सहा महिन्यांनंतरचे गाव यांत अंतर पडू शकते. बक्षिसाची तपासणी व शिकण्यासाठीची तपासणी शक्य तो वेगवेगळी ठेवावी.

प्रत्यक्ष काम असे करता येईल. गटाने बैठकीत बसून स्वतःची पायरी ठरवावी. कार्यकर्त्याने वह्या, पासबुक व तीन-चार घरभेटी यांवरून स्वतंत्रपणे ठरवावी. नंतर दोन्ही तक्ते शेजारी ठेवून जेथे फरक असेल त्याच बाबींवर बोलावे. तासाभराची बैठक त्यास पुरते. पुरावा ज्याच्या बाजूस असेल त्याची पायरी लिहावी, तारीख घालावी व कारण नोंदवावे. तक्त्याची एक प्रत कार्यकर्त्याकडे व एक गटाच्या दप्तरात राहावी, म्हणजे सहा महिन्यांनी नवा कार्यकर्ता आला तरी मागील तक्ता स्त्रियांच्याच हाती असेल, आणि बँकेत जाताना तो त्यांना सोबत नेता येईल.