स्टेशन वॅगन, जुनी आयात : खरेदीपूर्व तपासणी

छप्पर मागील टोकापर्यंत सरळ नेऊन बैठकीमागे सामानासाठी सलग जागा ठेवलेल्या व मागील बाजूस वर उघडणारे दार असलेल्या मोटारगाडीस स्टेशन वॅगन म्हणतात. ब्रिटनमध्ये हीच गाडी इस्टेट या नावाने ओळखली जाते. रेल्वे स्थानकावरून उतारू व त्यांचे सामान वाहून नेणाऱ्या गाड्यांवरून स्टेशन वॅगन हे नाव पडले. भारतात हा प्रकार फारसा रुजला नाही. पुण्याच्या टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) कंपनीने १९९२ मध्ये इस्टेट ही गाडी बाजारात आणली, परंतु तिचे उत्पादन पुढे बंद झाले. त्यामुळे परदेशी बनावटीची जुनी स्टेशन वॅगन विक्रीस आली की हौशी ग्राहक तिच्याकडे ओढला जातो. किंमत नव्या लहान गाडीपेक्षाही कमी असते, पण दडलेला एखादा दोष त्या किमतीहून अधिक खर्चात टाकू शकतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यात अशा खरेदीस एक सोय आहे. फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ या जर्मन कंपन्यांचे चाकण येथील कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. त्यांना व इतर वाहन कंपन्यांना भाग पुरविणारे अनेक लघुउद्योग भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेले आहेत. मोटारीचे अंतरंग जाणणारा त्रयस्थ तंत्रज्ञ येथे सहज मिळतो व त्याला सोबत नेणे हे सर्वांत स्वस्त विमासंरक्षण होय. मात्र कंपनीचा कारखाना शेजारी आहे म्हणून जुन्या आयात गाडीचा सुटा भागही मिळेल, हा समज खरा नाही. कारखान्यात आज तयार होणाऱ्या गाडीचे भाग वीस वर्षांपूर्वीच्या परदेशी नमुन्याला बसतीलच असे नाही. म्हणून पुढची काच, मागील दिवे व मागील दाराची काच यांची उपलब्धता सौद्यापूर्वीच विचारून घ्यावी.

गाडी पाहण्याआधी कागद पाहावेत. २००१ पासूनच्या आयात धोरणानुसार वापरलेली मोटार उत्पादनानंतर तीन वर्षांच्या आतच, उजव्या हाताच्या सुकाणूसह व मुंबई बंदरातूनच आणता येते. संग्राह्य पुरातन गाड्यांसारखे काही अपवाद आहेत. पंधरा वर्षांची गाडी गेल्याच वर्षी परदेशातून आली, असे विक्रेता सांगत असेल, तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. आयातीच्या वेळचे बिल ऑफ एन्ट्री आणि सीमाशुल्क भरल्याची पावती मूळ स्वरूपात पाहावी. परदेशी वकिलातींसाठी शुल्कमाफीने आलेली गाडी शुल्क न भरता विकली गेली असल्यास ती जप्त होण्याचा धोका नव्या मालकाच्या माथी येतो. नोंदणी पुस्तकातील सांगाडा क्रमांक गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरशः जुळवावा. कोरलेल्या जागी घासल्याच्या, जोडकामाच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा दिसल्यास सौदा सोडून द्यावा.

सांगाडा व पत्रा यांची तपासणी सर्वांत महत्त्वाची, कारण एंजिन बदलता येते, कुजलेला सांगाडा पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असते. यूरोप व उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तेथे काही हिवाळे काढलेल्या गाडीच्या तळाला गंजाची सुरुवात झालेली असू शकते आणि आपला पावसाळा ते काम पुढे नेतो. स्टेशन वॅगनमध्ये मागील चाकांवरील कमानी, मागील दाराची खालची कड आणि जादा चाक ठेवण्याचा खळगा ही गंजाची ठरावीक ठिकाणे आहेत. जादा चाक बाहेर काढून खळग्यात हात फिरवावा. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरविल्यास भरावाचे लांबी-काम उघडे पडते, कारण लांबीच्या जाड थरावर ते चिकटत नाही. अर्थात ॲल्युमिनियम वा प्लॅस्टिकच्या भागांना ही परीक्षा लागू पडत नाही. दारांखालची निचऱ्याची भोके धूळ व पालापाचोळा यांनी बुजतात, तर छपरातील उघडझाप खिडकीच्या नळ्या तुंबल्यास पाणी आसनांखालील गालिच्यात मुरते.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळाच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडला व असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊनपुसून विकता येते, पण तिच्या तारांच्या जोडांवरील हिरवट क्षार सहसा निघत नाहीत. आसनपट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहावा; त्याच्या तळाच्या वेटोळ्यात गाळाची रेघ राहून जाते.

एंजिन थंड असतानाच सुरू करावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. निळसर धूर वंगण तेल जळत असल्याचे, एंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर शीतक ज्वलनकक्षात शिरत असल्याचे दर्शवितो. तेलाच्या टोपणाखाली ताकासारखा फेस दिसल्यास तेलात पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. कालनियंत्रक पट्टा रबरी असेल, तर त्याचे आयुष्य किलोमीटरांबरोबर वर्षांनीही मोजले जाते. तो बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरावे. कारण अनेक एंजिनांत पट्टा तुटताच झडपा दट्ट्यांवर आदळून एंजिन निकामी होते. २०२३ पासून पंपांवर येऊ लागलेल्या २० टक्के एथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी या गाड्या बनलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्यांना भेगा वा फुगवटा आहे काय, ते नीट पाहावे.

ब्रिटन व अमेरिका येथील गाड्यांचे अंतरमापक मैल दाखविते. ६०,००० मैल म्हणजे सुमारे ९६,५०० किमी., हे सौद्याच्या घाईत विसरले जाते. झिजलेली पावपट्टी आणि गुळगुळीत सुकाणूचक्र मात्र खोटे बोलत नाहीत. चावी फिरविताच इशाऱ्याचे सर्व दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. एखादा दिवा मुळीच लागला नाही, तर दोष लपविण्यासाठी तो काढून टाकला असण्याचा संभव असतो. काही मोठ्या स्टेशन वॅगनमध्ये सामानाच्या भारानुसार मागची बाजू समतल राखणारी द्रवचालित यंत्रणा असते. ती गळत असल्यास दुरुस्ती फार महाग पडते. मागील सामानकक्षात चार पोती ठेवून गाडी किती खचते व पुन्हा उचलली जाते काय, हे पाहणे हा साधा उपाय आहे. टायरवरील चार आकडी संख्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगते. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा.

चालवून पाहण्यासाठी तळेगाव-चाकण मार्गासारखा मालमोटारींनी कोंडलेला रस्ता उपयोगी पडतो, कारण शीतनाचा दोष मोकळ्या रस्त्यावर नव्हे, रखडलेल्या वाहतुकीत प्रकट होतो. त्यानंतर खंडाळ्याचा घाट चढून उतरावा. चढावर क्लच घसरणे आणि उतारावर रोधक तापून कंप पावणे लगेच जाणवते.

खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क भारतीय मोटारीस ५,००० रु., तर आयात मोटारीस ४०,००० रु. झाले. २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या आयात मोटारींसाठी ते ८०,००० रु. करण्यात आले. ही रक्कम किमतीत धरूनच सौदा करावा. पैसे देताच पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात नमुना २९ व ३० भरून हस्तांतर नोंदवावे. कर्ज फिटलेले असल्यास नमुना ३५ घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार नोंदणीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक ठरतो, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. म्हणून विकणारा माणूस आणि नोंदणीतील मालक एकच आहेत, याची खात्री पैसे देण्यापूर्वी करून घ्यावी.