सोरायसिसच्या रुग्णाचे हृदय

सोरायसिसचा रुग्ण वैद्याकडे येतो तो त्वचेची तक्रार घेऊन. कोपर, गुडघे, डोके येथील रुक्ष, खवलेयुक्त मंडले तो दाखवितो. छातीविषयी तो बोलत नाही आणि आपणही सहसा विचारीत नाही. हे एककुष्ठ की किटिभ, यावर आपल्यात पुष्कळ ऊहापोह होतो. हृदयाचा विषय मात्र क्वचितच निघतो.

ब्रिटनमधील सुमारे १ लाख ३० हजार सोरायसिसग्रस्तांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केला. धूम्रपान, स्थौल्य, मधुमेह, रक्तदाब हे घटक हिशेबात धरूनही या रुग्णांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका अधिक आढळला. व्याधी तीव्र असलेल्या तिशीतील रुग्णात तो सुमारे तिप्पट, तर साठीतील रुग्णात १.३६ पट होता. तिशीत झटक्याचे मूळ प्रमाणच अत्यल्प असते. म्हणून ‘तिप्पट’ हा शब्द उच्चारून रुग्णास घाबरवू नये. परंतु तरुण आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. अमेरिकेतील हृद्रोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सोरायसिसची गणना धोका वाढविणाऱ्या घटकांत केलेली आहे. त्वचेतील दीर्घकालीन शोथ रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरासही बाधक ठरतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

कुष्ठाच्या संप्राप्तीत त्रिदोषांसह त्वचा, रक्त, मांस व लसीका दूषित होतात. रसवह स्रोतसांचे मूळ हृदय व दश धमनी होत, असे चरकाचार्य सांगतात. एवढ्यावरून प्राचीनांस हा संबंध ज्ञात होता असे म्हणणे आम्हांस अतिशयोक्तीचे वाटते.

खरा प्रश्न चिकित्सेचा आहे. कुष्ठात वारंवार शोधन सांगितले आहे. वाग्भटांच्या मते तर पंधरवड्यास वमन व महिन्यास विरेचन. उलटपक्षी चरकांच्या सिद्धिस्थानात हृद्रोगी अवम्य म्हटला आहे. ज्याचा हृद्रोग अद्याप कोणी ओळखलेलाच नाही, त्याचे काय? वाढत्या मात्रेतील घृतपान, त्यानंतर लवणोदक व यष्टिमधु फांट आकंठ पाजून करविलेले वमन यांचा ताण हृदयावर पडतोच. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, हेही विसरू नये. म्हणून शोधनापूर्वी रक्तदाब, कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर, लिपिड तपासणी व ईसीजी करून घ्यावेत असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. चालताना दम लागणे वा छातीत दडपण असल्यास शोधन थांबवून रुग्णास प्रथम हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. रुग्ण कुरकुर करील, ‘त्वचेसाठी आलो आणि हृदयाची तपासणी कशाला’ असेही विचारील. त्यास समजावून सांगण्यात पाच मिनिटे जातात.

औषधविक्रेत्या बंधूंनाही यात वाटा आहे. रक्तदाबावरील बीटा ब्लॉकर गोळ्यांनी काहींचा सोरायसिस बळावतो. तथापि त्या गोळ्या अकस्मात बंद करणे घातक, तेव्हा रुग्णास त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडेच परत पाठवावे. गुग्गुळाच्या सत्त्वाने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटल्याचे आढळले आहे. कैशोर गुग्गुळाची बाटली हाती देण्यापूर्वी रुग्ण आणखी कोणत्या गोळ्या घेतो, हे विचारून घ्यावे.