परमुलखातला बाळंतविडा

आपल्याकडे घरात बाळ येणार म्हटले की बाळंतविड्याची तयारी सुरू होते. अंगडी, टोपडी, झबली, कुंची आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी. यातले बरेचसे कोणीतरी हाताने केलेले असते आणि ते मागावे लागत नाही. आजी, आत्या, मावशी, शेजारच्या काकू आपणहून आणून देतात.

मेलबर्नच्या पश्चिमेला, आमच्या पॉइंट कुकमध्ये, तरुण कुटुंबे पुष्कळ आणि आज्या-मावश्या कमी. विद्यार्थी म्हणून किंवा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या जोडप्यांना सरकारी भत्त्यांचा आधार बहुतेक नसतोच. कायमच्या व्हिसावर आलेल्यांनाही काही भत्त्यांसाठी वाट पाहावी लागते. अशात नोकरी गेली किंवा घर सोडून निघायची वेळ आली, तर तान्ह्या बाळाचे गरम कपडेसुद्धा ऐपतीबाहेर जातात. त्यात इथला जुलै महिना आणि पोर्ट फिलिपच्या उपसागरावरून येणारा बोचरा वारा! आम्ही सात-आठ जणी अशा घरांसाठी क्रोशाची ब्लँकेटे विणतो. त्यातून जे समजले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न असतो तो, ‘द्यायचे कोणाला?’ व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक बाळासाठी ‘मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ’ची सेवा मोफत आहे. जन्मापासून साडेतीन वर्षांपर्यंत ठरावीक दहा भेटी होतात, आणि त्यातली पहिली भेट परिचारिका बहुधा घरी येऊन देते. कोणाच्या घरात पाळणा नाही, कोणाच्या घरात हीटर लावत नाहीत, हे तिला दिसते. म्हणून परिचारिका आणि समाजसेविका यांच्यामार्फत देणे उत्तम. २००९ साली ‘सेंट किल्डा मम्स’ म्हणून सुरू झालेली आणि आता ‘अवर व्हिलेज’ या नावाने ओळखली जाणारी संस्था अशाच वाटेने प्रॅम, पाळणे आणि कपडे घरोघर पोचवते. यात घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही आणि देणाऱ्याला नाव कळत नाही. मात्र विणायला बसण्याआधी फोन करून काय हवे ते विचारावे. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. काही जागी हाताने विणलेल्या वस्तू घेतात, काही जागी नाही.

आता लोकर आणि सुई. इथे लोकरीची जाडी ‘प्लाय’मध्ये मोजतात. बाळाच्या ब्लँकेटला आठ प्लाय आणि चार मिलिमीटरची सुई सोयीची. प्रॅमसाठी साधारण ७५ बाय ९० सेंटिमीटर पुरते. त्याला तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम लोकर लागते. लोकर मशीनमध्ये धुता येणारीच घ्यावी. ज्या आईला रात्री तीन वेळा उठायचे आहे, तिच्या हाती ‘कोमट पाण्यात हळुवार धुवा’ अशी चिठ्ठी देणे म्हणजे तिला आणखी एक काम लावणे होय. उन्हाळ्यातल्या बाळांसाठी सुती दोरा बरा. केस सुटणारी मोहेर वापरू नये. ते तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात.

नमुने वाचताना एक घोटाळा ठरलेला. इथल्या पुस्तकांतला ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन पुस्तकांतला ‘सिंगल क्रोशे’, म्हणजेच आपला मुका खांब. इथला ‘ट्रेबल’ तो अमेरिकेचा ‘डबल’, आपला नेहमीचा खांब. तेव्हा पुस्तक कुठले ते आधी पाहावे. वीण शक्यतो मुक्या खांबाची किंवा घट्ट खांबांची ठेवावी. पूजेच्या ताटावरच्या रुमालाला जाळी शोभते. ब्लँकेटच्या जाळीत मात्र बाळाची बोटे अडकतात. त्याच कारणाने झालर, गोंडे, रिबिनी, बटणे काही लावू नये. दोऱ्याची टोके गाठ मारून सोडू नयेत. सुईने विणीत दूरवर ओवून टाकावीत.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट बाळाच्या झोपेची. पाळण्यात अचानक होणाऱ्या बालमृत्यूंविरुद्ध ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून मोहीम चालू आहे. बाळाला पाठीवर झोपवणे, तोंड-डोके उघडे ठेवणे, आसपास धूम्रपान न करणे या साध्या नियमांनी हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. ‘रेड नोज’ ही संस्था आजही हेच सांगते. सैल ब्लँकेट तोंडावर सरकू शकते. म्हणून पाळण्यात वापरायचेच तर ते हलके असावे, बाळाचे पाय पाळण्याच्या तळाशी टेकलेले असावेत आणि ब्लँकेट छातीपर्यंतच घेऊन गादीखाली घट्ट खोचावे. बाळ डोक्याला टोपी घालून झोपवू नये, कारण अंगातली जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. कुंची घालून गुंडाळून निजवण्याच्या आपल्या सवयीला हे रुचत नाही, पण ऐकावे. आमची जाड ब्लँकेटे प्रॅमसाठी, मांडीवरच्या बाळासाठी आणि जमिनीवर खेळण्यासाठी असतात. तशी चिठ्ठी आम्ही सोबत जोडतो.

आणखी एक धोका खास आपल्या घरांतला. गरम कपडे म्हटले की आपण ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकतो. या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलीन असते. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनच्या वाफेने फुटतात. त्यामुळे कावीळ वेगाने वाढते आणि वेळेवर उपचार न झाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते, बाळ दगावूही शकते. ही कमतरता आशिया, आफ्रिका आणि भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत अधिक आढळते, म्हणजे आपल्यातही. आणि बाळाला ती आहे हे बहुतेक आईबापांना ठाऊक नसते. तेव्हा दानाच्या लोकरीजवळ डांबरगोळी ठेवूच नये. गावाहून प्रेमाने आलेली दुपटी-गोधडीसुद्धा गोळीच्या वासाची असेल, तर धुऊन, उन्हात चांगली वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच बाळाजवळ न्यावी. लोकरीला कसर लागू नये म्हणून ती धुऊन, कोरडी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तरी पुरते.

पूर्ण ब्लँकेटाला मला वीसेक तास लागतात. नोकरी आणि मुले सांभाळून एवढा वेळ प्रत्येकीला कुठला? त्यांनी नुसता चौकोन विणावा. सिडनीत १९९२ साली सुरू झालेल्या ‘रॅप विथ लव्ह’ या संस्थेने हीच युक्ती केली: २५ सेंटिमीटरचे २८ चौकोन जोडले की मोठ्या माणसाला पुरेल असे पांघरूण होते, आणि ती पांघरुणे देशोदेशींच्या गरजूंना जातात. बाळासाठी याच मापाचे बारा चौकोन पुरतात, तीन आडवे आणि चार उभे. आमच्यातल्या दोघी चौकोन विणतात, जोडायचे काम एका आजींकडे आहे. मुलाच्या बाळंतपणाच्या निमित्ताने सहा महिन्यांसाठी आलेल्या या आजींचा दुपारचा वेळ जात नसे. आता त्यांच्या पिशवीत कायम लोकर असते.

आमची ब्लँकेटे कोणाच्या घरी जातात हे आम्हांला कळत नाही. ते घर सुदानी असेल, व्हिएतनामी असेल, कदाचित आपल्याच एखाद्या कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या मुलीचे असेल, जी मंडळाच्या गणपतीला संकोचाने आलीच नाही. आपल्या आसपास अशी कोणी दिसली तर परिचारिकेकडे बोलायला तिला सुचवावे, आणि जमल्यास पहिल्या भेटीला तिच्यासोबत बसावे. विणता न येणाऱ्यांनाही एवढे करता येण्यासारखे आहे.