परसबागेस करवंदाचे सदाहरित कुंपण

परसबागेत भाजीपाला कितीही उत्तम आला, तरी मोकाट गुरे व शेळ्या एका रात्रीत सर्व श्रम व्यर्थ करतात. याकरिता अनेक शेतकरी बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घालतात. परंतु ते पावसात कुजते, त्यास वाळवी लागते व दरवर्षी पुन्हा झाडतोड करावी लागते. जिवंत कुंपण एकदा नीट वाढविले म्हणजे अनेक वर्षे टिकते. काटेरी, सदाहरित व हलक्या मुरमाड जमिनीतही तग धरणारे करवंद या कामी विशेष उपयुक्त आहे.

रोपे : मे-जूनमध्ये पिकलेल्या फळांचे बी काढून धुवावे, सावलीत सुकवावे व लगेच गादीवाफ्यावर पेरावे. जुन्या बियांची उगवण कमी होते. रोपे सावकाश वाढतात, म्हणून ती पुढील पावसाळ्याच्या आरंभी लावावीत.

लागवड : उन्हाळ्यात दीड फूट रुंद व तितकाच खोल चर खणून तो तापू द्यावा. नंतर माती व कुजलेले शेणखत मिसळून भरावा. दोन ओळींत व दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. एका ओळीतील रोप दुसऱ्या ओळीतील दोन रोपांच्या मध्यावर यावे. शंभर फूट लांबीस सुमारे १३५ रोपे लागतात. नांग्या भरण्यासाठी काही अधिक ठेवावीत. पहिली दोन वर्षे बाहेरून काट्यांचा आडोसा करून रोपे शेळ्यांपासून जपावीत.

छाटणी : कुंपण बुडाशी विरळ राहणे हा नेहमीचा दोष होय. उंची लवकर वाढावी म्हणून शेंडे राखले जातात आणि शेळीला वाट खालूनच मिळते. रोपे चांगली रुजताच जमिनीपासून सहा इंचांवर शेंडा खुडावा. त्यामुळे खालचे डोळे फुटतात. पुढेही प्रत्येक नवी वाढ निम्म्यावर छाटावी. कुंपण बुडाशी तीन फूट व माथ्यावर दोन फूट रुंद ठेवावे. माथा रुंद झाल्यास खालील पानांना ऊन मिळत नाही व बूड उघडे पडते.

फुले फांद्यांच्या टोकांस येतात. फळे हवी असल्यास हिवाळ्यात छाटणी करू नये. फळे उतरल्यावर पावसाच्या आरंभी करावी. कुंपणाची मुळे ओल शोषतात, म्हणून भाजीची पहिली ओळ तीन-चार फूट आत घ्यावी.

ग्रामसेवकांनी प्रथम एका परसबागेस असे कुंपण लावून घ्यावे व पहिली छाटणी समक्ष करून दाखवावी. वाढते रोप कापण्यास शेतकऱ्याचे मन सहसा धजत नाही. पण कुंपणाची बळकटी त्या पहिल्या छाटणीवरच अवलंबून असते.