अस्वलाचा राग आणि अस्वलाचे भय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ नानाखेड्याच्या या शाळेत दरवर्षी व्याख्यान होते, ते प्राणिशास्त्र शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकवली. तेव्हा रानातल्या अस्वलाच्या वागणुकीवर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर इतकेच की, अस्वल आपल्यापैकी बहुतेकांना रानात भेटत नाही. ते भाषेत भेटते. गोष्टीत, वाक्प्रचारात आणि मुलांना दाखवायच्या भीतीत ते असते. या भाषेतल्या अस्वलात पुष्कळसे खोटे मिसळले आहे. विशेष म्हणजे काही अगदी खरे निरीक्षणही त्यात जपलेले आहे, आणि ते मात्र आपण विसरलो आहोत.

प्रथम नावाकडे पाहू. संस्कृतातला ‘ऋक्ष’ हिंदीत ‘रीछ’ झाला. ग्रीक भाषेतला ‘आर्क्तोस’ हा त्याचाच चुलतभाऊ, आणि उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशाला ‘आर्क्टिक’ हे नाव त्यावरूनच पडले. अमरकोशात ऋक्षाच्या जोडीला ‘अच्छभल्ल’ असा शब्द येतो. आपले ‘अस्वल’ त्याच्याच घराण्यातले असावे, असे मला वाटते. युरोपीय पंडितांनी मात्र या प्राण्याचे नाव ठेवताना मोठीच गंमत केली. लांब वाकड्या नखांमुळे आणि समोरच्या दातांच्या उणिवेमुळे जॉर्ज शॉ या शास्त्रज्ञाने 1791 मध्ये त्याची गणना दक्षिण अमेरिकेतल्या ‘स्लॉथ’ नावाच्या आळशी प्राण्यात केली. पुढे ते अस्वलच आहे हे ध्यानात आले, परंतु इंग्रजी नावातला आळस त्याला आजतागायत चिकटून राहिला. किपलिंगच्या 1894 च्या ‘जंगल बुक’मध्ये, आपल्याच मध्यप्रदेशातल्या सिवनीच्या रानात, बालू हा पेंगुळलेला प्रेमळ गुरू आहे. दूरदर्शनवर मोगली पाहून वाढलेल्या आपल्यापैकी कित्येकांचे अस्वल तेच. आपल्या मराठीतले अस्वल याच्या अगदी उलट: ते माणसाला धरून गुदगुल्या करकरून मारते! ‘अस्वलाच्या गुदगुल्या’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. अस्वल कुणाला गुदगुल्या करीत नाही. ते पंजाने ओरबाडते आणि चावते, आणि बहुधा डोक्यावर व चेहऱ्यावर. ज्याने कुणी प्रथम ही कल्पना केली, त्याने लांबून माणसाची धडपड पाहिली असेल. जवळून पाहिलेला माणूस असा शब्द वापरणार नाही.

आता खऱ्या निरीक्षणाचे उदाहरण. गणेशचतुर्थीला चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो, आणि त्यावर उतारा म्हणून स्यमंतक मण्याची कथा ऐकायची, हा आपल्या घराघरांतला परिपाठ आहे. ज्या श्रीकृष्णाने याच अवंतिकेत सांदीपनींच्या आश्रमात विद्या घेतली, त्याचीच ही कथा. प्रसेनाला सिंहाने मारले, सिंहाला जांबवानाने मारले, मणी गुहेत नेऊन लेकराला खेळायला दिला. कृष्ण गुहेत शिरला, दाई किंचाळली आणि जांबवान धावून आला. भागवताच्या म्हणण्याप्रमाणे ते युद्ध अठ्ठावीस दिवस चालले. आपण या कथेतून मणी लक्षात ठेवतो, कन्या जांबवती लक्षात ठेवतो. मी मात्र आपले लक्ष कथेतल्या अस्वलाच्या वागणुकीकडे वेधू इच्छितो. हे अस्वल मोठ्या मांजरकुळातल्या श्वापदापुढे पळत नाही, उभे ठाकते. त्याचे मूल गुहेत आहे. परका एकाएकी अगदी जवळ येताच ते विचार न करता तुटून पडते. हल्लेखोर कोण आहे हे त्याला फार उशिरा कळते, आणि कळल्यावर राग ओसरतो. पुराणकारांना प्राणिशास्त्र सांगायचे नव्हते, हे उघड आहे. पण ज्यांच्या तोंडून ही कथा घडत गेली त्यांना रान ठाऊक होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञ याच निष्कर्षाच्या जवळ आले. नेपाळमधील चितवनच्या अरण्यात लॉरी आणि सायडेनस्टिकर यांनी केलेला अभ्यास 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या दशकात तेथेच अस्वलांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांच्या हालचाली टिपल्या गेल्या. त्या सर्व माहितीचा गाभा समजायचा असेल तर अस्वलाच्या पोटापासून सुरुवात करावी लागते.

हा प्राणी मांसाहारी घराण्यातला असूनही त्याची गुजराण मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळे यांवर होते. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून, लांब लवचीक ओठांची नळी करून, ते वारुळातली वाळवी ओढून घेते. आधी फुंकर घालून माती उडवायची, मग ओढायचे. माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता येतात. हा भाता ओढल्यासारखा आवाज शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो. टेंभुर्णी, बोर, जांभूळ, उंबर, बहाव्याच्या शेंगा हे सर्व त्याला प्रिय. त्याच्या विष्ठेतून पडलेल्या बिया रानभर रुजतात. परंतु मुद्दा असा की, अशा रीतीने मान वारुळात घालून, स्वतःच इतका आवाज करीत खाणाऱ्या प्राण्याला आपली चाहूल लागत नाही. त्याची दृष्टी बेताची आहे. घ्राणशक्ती विलक्षण असली तरी वारा उलट असेल तर तिचाही उपयोग नाही. पायवाटेने येणारा माणूस त्याला दहा पावलांवर आल्यावरच कळतो. मग ते मागच्या पायांवर उभे राहते. आपण समजतो की ते अंगावर येणार. वस्तुतः ते वास घेत असते, समोर काय आहे हे पाहण्याचा प्रयत्न करीत असते.

यानंतर ते पळत का नाही? येथे वाघ येतो. अमेरिकेतील काळ्या अस्वलाशी तुलना केली की गोष्ट स्पष्ट होते. ते अस्वल दाट झाडीत वाढलेले. संकट आले की पिल्ले झाडावर चढतात, आई जमिनीवर फूत्कारते, खोटी चढाई करते, आणि प्रत्यक्ष हल्ला क्वचितच करते. आपल्या अस्वलालाही झाडावर चढता येते, मधासाठी ते चढतेही. परंतु जीव वाचवायला झाडाचा आश्रय ते सहसा घेत नाही. त्याच्या शेजारी वाघ आणि बिबट्या आहेत, आणि बिबट्या तर झाडावर सहज चढणारा. वाळवीसाठी त्याला उघड्या, विरळ माळरानातही हिंडावे लागते, जेथे चढण्याजोगे झाड हाताशी असेलच असे नाही. म्हणून आई पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. जगातल्या अस्वलांत ही रीत नेमाने पाळणारे हे एकच. तिच्या पाठीवरचे लांब राठ केस पिल्लांना धरायला उपयोगी पडतात, आणि नऊ महिन्यांची होईपर्यंत ती तेथे बसतात. वाघ समोर आला तर पाठीवर लेकरे असलेल्या आईपुढे उपाय एकच उरतो: मोठ्याने ओरडत, उभे राहून, आधी आपणच अंगावर जायचे. वाघाला कित्येकदा हे जमाखर्चात परवडत नाही आणि तो वळतो. हजारो पिढ्या ज्यांनी असे केले, त्यांचीच पिल्ले जगली. माणूस एकाएकी समोर आला म्हणजे ती त्याला वाघाचेच उत्तर देते. ज्याला आपण अस्वलाचा राग म्हणतो, ते बव्हंशी अस्वलाचे भय आहे.

हे समजणे केवळ कुतूहलापुरते असते तर मी आपला वेळ घेतला नसता. अविभाजित मध्यप्रदेशात एप्रिल 1989 ते मार्च 1994 या पाच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यात 687 माणसे जखमी झाली आणि 48 दगावली, अशी नोंद अभ्यासकांनी केली आहे. ‘जखमी’ हा शब्द येथे फार सौम्य आहे. बैतूलकडचा, घरी मराठी बोलणारा एक विद्यार्थी माझ्याकडे एम. ए.ला होता. त्याच्या आईला मोहाच्या झाडाखाली अस्वलाने गाठले होते. पुढे मी एकदा त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्या बाई पदर डाव्या गालावर ओढूनच बोलत होत्या. एक डोळा गेला होता. मी सांत्वनाचे काही बोलू पाहिले, तर त्या म्हणाल्या, “सर, ते मला मारायला नव्हतं आलं. मी वाकलेली, तेबी वाकलेलं. दोघंबी एकदम उठलो.” इतके नेमके वर्णन मी पुढे कोणत्याही शास्त्रीय लेखात वाचले नाही.

मोहाचा हंगाम हीच खरी अडचणीची जागा आहे. मार्च-एप्रिलमध्ये फुले रात्री आणि पहाटे गळतात. अस्वलाला ती हवी असतात, आणि ज्या घरात त्या महिन्यांत दुसरे उत्पन्न नाही त्या घरालाही हवी असतात. दोघे एकाच वेळी, अंधुक उजेडात, खाली मान घालून त्याच झाडाखाली येतात. त्यात पिल्ले असलेली मादी दिवसाउजेडी अधिक हिंडते. पाठोपाठ तेंदूपत्त्याचे दिवस येतात, आणि पावसाळ्यात वाढलेल्या गवता-झुडपांत दोघेही एकमेकांना दिसत नाहीत. आपल्या महाराष्ट्रातही गडचिरोली-चंद्रपूरपासून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यालगतच्या गावांपर्यंत हीच कथा आहे. हल्ला झाला की गाव लाठ्या-काठ्या घेऊन निघते, आणि पुष्कळदा भलतेच अस्वल मारले जाते.

माणसाच्या बाजूनेही हिशेब मांडला पाहिजे. माझ्या लहानपणी उज्जैनच्या गल्ल्यांतून कलंदर अस्वल घेऊन येत. आया मुलांना त्याच्या पाठीवर बसवीत, ताईतासाठी केस विकत घेत. त्या नाचासाठी गुहेतून पिल्लू काढताना बहुधा आईला मारलेले असे, आणि नाकातून दोरी ओवायला तापलेली सळई वापरलेली असे, हे आम्हां मुलांना कुणी सांगितले नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हे बंद व्हायला हवे होते. प्रत्यक्षात शेवटचे नाचणारे अस्वल 2009 मध्ये सोडवले गेले. भोपाळच्या वनविहारात आणि आग्ऱ्याजवळ अशा सोडवलेल्या अस्वलांची सोय करण्यात आली. ही केवळ सक्तीची गोष्ट नव्हती. कलंदरांना दुसरा धंदा मिळवून दिला तेव्हाच दोरी सुटली.

मोहाच्या बाबतीतही तेच खरे आहे. ‘रानात जाऊ नका’ असे सांगणे हा सल्ला नव्हे, ती थट्टा आहे. जाणाऱ्याने काय करावे, हे सांगता येते. एकट्याने जाऊ नये, उजाडल्यावर जावे, मोठ्याने बोलत, काठी आपटत, घुंगरू वाजवीत जावे, म्हणजे अस्वलाला आधीच कळते आणि ते बाजूला होते. ते उभे राहिलेले दिसले तर धावू नये, दगड मारू नये, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे. अंगावर आलेच तर जमिनीवर पालथे पडून, दोन्ही हात मानेमागे धरून चेहरा झाकावा. मित्राला टाकून झाडावर चढलेला आणि मेल्याचे सोंग घेऊन पडलेला, अशा दोघांची गोष्ट आपण सर्वांनी क्रमिक पुस्तकात वाचली आहे. तीत झाडावर चढणाऱ्याला आपण फक्त नीतीच्या बाजूने दोष दिला. अस्वल झाडावर चढते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

अलीकडे काही ठिकाणी मोहाखाली जमिनीपासून वर जाळी बांधून फुले गोळा करतात. मग अंधारात वाकून वेचावे लागत नाही, आणि फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची गरज उरत नाही. त्या आगीतून लागणारे वणवेही टळतात. जाळीला खर्च येतो, आणि तो वेचणाऱ्या कुटुंबाला झेपणारा नाही. तो कुणी करावयाचा, एवढाच प्रश्न आता शिल्लक आहे.